तापाची वही

नाना, क्वाड बाईकचा ताप वहिनीला सापडला. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण लांबण लावली असती तर मी ते सांगितलंच नसतं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही. पितृपक्षात दादाकडे तुमचं पान असतं, त्या दिवशी मी अळूवड्या करून नेते आणि आपलं बोलणं तेवढ्यावर भागतं. यंदा भागेना. परवा माळावर जे झालं ते घरात कुणाला सांगण्यासारखं नाही. देवापुढे बसावं तर देवाने ते जवळून पाहिलेलं, आणि वहिनीविषयीचं वहिनीला सांगता येत नाही. राहिलात तुम्ही. शिवाय यात तुमचाही हात आहे, तेव्हा ऐकून घ्या.

क्वाड बाईक म्हणजे मोटारसायकलला चार जाड चाकं. हँडल मोटारसायकलचं, चाकं लहान ट्रॅक्टरची आणि आवाज दोन्हींपेक्षा मोठा. ती रस्त्यावर चालवत नाहीत. माळावर, मातीत, दगडधोंड्यांतून एक फेरी मारायची आणि जिथून निघालो तिथेच येऊन उतरायचं, एवढ्यासाठी शहरातले लोक तासभर प्रवास करून येतात. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर नेऊन विचारलं असतंत, "म्हणजे कुठेच जात नाहीत?" नाही नाना, कुठेच जात नाहीत. पण हसत उतरतात. तुमच्या धाकट्या नातवाने आयटीतली खुर्चीची नोकरी सोडली आणि एका मित्राबरोबर सिंहगडाच्या बाजूला माळावर हा उद्योग मांडला. गाडी एकच, तीही कुणाची तरी वापरलेली. थंडीचे तीन-चार महिने लोक येतात, तेवढ्यात जम बसला तर बसला. भागीदार पहिल्या दिवसापासून म्हणतोच आहे की नाही जमलं तर गाडी विकू आणि परत कंपन्यांत अर्ज टाकू. माझा पोरगा तसं म्हणत नाही. तो नोकरीत होता तेव्हा रविवारीसुद्धा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आता पहाटे उठून शीळ घालतो. मला शीळ घातलेली आवडत नाही, पण मी अजून त्याला टोकलेलं नाही, यावरून काय ते समजा.

तर दसऱ्यापासून ही गाडी तापायला लागली. दुसरी फेरी संपता संपता हँडलपाशी लाल दिवा लागायचा. मग ती अर्धा तास बाभळीखाली उभी आणि रांगेतली माणसं घड्याळ बघत उभी. एकदा पुढून वाफ आली तेव्हा एका बाईने पोराला काखोटीला मारून पळ काढला. इंजिन असंच तापत राहिलं तर एक दिवस जाम होणार आणि मग विकायलाही काही उरणार नाही, हे कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. तीन गॅरेजं झाली. बिबवेवाडीतल्याने आतलं पाणी बदललं, म्हणजे ते हिरवं कूलंट असतं ते. येरवड्याच्याने पंखा नवा बसवला. तिसऱ्याने पाण्याचा पंप उघडून पुन्हा बंद केला. तिघांकडेही गाडी तासन्‌तास चालू ठेवली तरी दिवा म्हणून लागला नाही. माळावर आणली की दुसऱ्या फेरीला हजर. तिसरा म्हणाला, "काकू, गाडीला काही नाही, तुमच्या माळालाच काहीतरी आहे."

ह्यांनी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, "तुझ्या वहिनीला दाखव की."

"तिला स्कूटरपलीकडे काय कळतं?"

"तुझ्या वडिलांना तरी काय कळत होतं?"

दोन दिवस ह्यांच्या चहात साखर नव्हती. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलेलीच आहे.

वहिनीला काय कळतं हे मला पक्कं ठाऊक होतं नाना, म्हणूनच गाडी तिच्याकडे न्यायची नव्हती. हा ताप मला शोधायचा होता. निदान एकदा, निदान स्वतःच्या पोराच्या गाडीचा. तुमची मुलगी मी आहे, ती नाही, हे मला कुणाला तरी दाखवायचं होतं. कुणाला, ते विचारू नका. तुम्ही तर नाहीच आहात बघायला.

तुम्हाला ती जीप आठवते का? मी चौदा वर्षांची आहे. कसब्यातल्या आपल्या गॅरेजच्या मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार, दाराला उंबरा. मी चहाचे कप घेऊन निघाले आहे. बाहेर रस्त्यावर निवृत्त हेडमास्तरांची जीप उभी आहे, कारण स्कूटरींच्या गॅरेजात ती मावत नाही, आणि तिच्या तोंडातून वाफा निघताहेत. जीपला हात लावण्याआधी तुम्ही मास्तरांना विचारता, "तापते कधी? उभी असताना, चढावर, की पळताना?" मास्तर म्हणतात, "सारखीच तापते हो." तुम्ही म्हणता, "सारखं कुणी तापत नाही मास्तर. माणूससुद्धा नाही." मला ते इतकं आवडतं की मी कप जीपच्या चाकाशी ठेवते आणि पुढे होते. बॉनेट उघडं आहे. आत रेडिएटरच्या झाकणाच्या कडेने पाणी बुडबुडताना मला दिसतं. मी परकराचं टोक हातात धरून ते झाकण फिरवायला जाते, आणि तुमची चापट माझ्या मनगटावर बसते. "हात भाजला म्हणजे कोण करणार आहे तुझ्याशी लग्न?" मास्तर ऐकताहेत, मास्तरांच्या बाई ऐकताहेत, त्यांचे व्याही ऐकताहेत, समोरचा तांबट हातोडा वरच्या वर धरून ऐकतोय. झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं, हे मला आज कळतं. पण तुम्ही तोंड म्हणाला नाहीत नाना, लग्न म्हणालात.

त्या दिवसापासून उंबऱ्याच्या पुढे यायचं नाही असं ठरलं. मी उंबऱ्याच्या आत उभी राहून पुढचं पाहिलं. मास्तरांनी काटकसर म्हणून घरीच जीपचा पंखा काढून धुतला होता आणि परत लावताना उलटा लावला होता. पात्यांनी वारा आत ओढायचा, तो ती बाहेर ढकलत होती. तुम्ही पाठीने आड करून, कुणाला दिसणार नाही असा, पंखा सुलटा केलात आणि हात पुसत म्हणालात, "धूळ बसली होती मास्तर. झटकली." मास्तर तुमच्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. व्याह्यांना कळलं नाही.

दुपारी जेवताना मी फुगलेलीच होते, पण राहवेना. विचारलं, "पंखा उलटा होता ना? मग धूळ कसली?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "मास्तरांचे व्याही उभे होते तिथे. धुळीला अब्रू नसते." आणि ताकाची वाटी पुढे केलीत. त्या दिवसातलं माझ्याशी बोललेलं तुमचं तेवढंच एक बरं वाक्य. ते मी जपून ठेवलं. लग्नात अंगावर घातलेलं सोनं पुढे मोडावं लागलं, पण ते वाक्य मी कुणालाही दिलं नाही, पोरांनासुद्धा नाही. तुम्ही ते फक्त मला दिलंत असं मी धरून चालले होते.

मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन दिलंत आणि एक लांब वही. पट्टीने तीन रकाने तुम्ही स्वतः आखलेत आणि वर लिहिलंत: तक्रार, पाहिलं, सापडलं. "हात लावायचा नाही. उंबऱ्यावर बसायचं आणि मी सांगेन ते लिहायचं." लग्न होईपर्यंत मी लिहीत होते. तुम्ही स्कूटरला किक मारली की आवाजावरून सापडलंच्या रकान्यात काय येणार ते मला आधी कळायचं, आणि तुम्ही सांगण्याच्या आत मी लिहून ठेवायचे. तुम्ही ते कधी पाहिलंत का? चुकलेलं खोडायचे मी. फार खोडावं लागत नसे.

मग मला बिबवेवाडीत दिलं आणि दोन वर्षांनी दादाचं लग्न झालं. वहिनी वऱ्हाडातली. पहिल्या दिवशी तिने आईला विचारलं, "काय करून राहिल्या आई?" आणि आम्ही आत जाऊन तोंडाला पदर लावून हसलो. त्या वर्षी भाऊबीजेला मी अनारशांचा डबा घेऊन पुढच्या दाराने आले तर गॅरेजात एका स्कूटरच्या खालून बांगड्या भरलेले हात बाहेर आलेले. पोत्यावर वहिनी आडवी, पदर कमरेला खोचलेला, आणि तुम्ही ओणवे होऊन तिला दिवा दाखवत होतात. तुम्ही! "डोळ्यांनी नको बघूस बाई, बोटांनी बघ," असं तुम्ही तिला सांगत होतात. आवाजात काय माया होती. मला बघितलंत आणि म्हणालात, "आलीस? तिचे हात काळे झालेत, तूच टाक बरं सगळ्यांचा चहा."

मी चहा टाकला, नाना. आलंसुद्धा किसून घातलं.

तुमचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. दादा बँकेत चिकटला होता आणि त्याला पंक्चरसुद्धा कळत नव्हतं. घरात दोन धड हात होते ते तिचे. सगळी कारणं मला ठाऊक आहेत, आणि मला उंबऱ्याच्या आत बसवलंत त्यालाही त्या काळाची कारणं होती. कारण ठाऊक असूनही जे जात नाही, त्याला काय म्हणतात ते मॅट्रिकपर्यंत शिकवत नाहीत. तुम्ही मला पेन दिलंत आणि तिला पाना. तिच्या मनगटावर आज सायलेन्सरने भाजल्याचे दोन डाग आहेत. तिचं लग्न झालेलं होतं, म्हणून चालले असतील.

आता ह्या गाडीकडे येते. गाडी भाद्रपदात आली त्या दिवसापासून मी वही केली. पोरांच्या शाळेच्या वह्यांतली कोरी पानं मी कधी टाकली नाहीत, तीच शिवून. रोज किती फेऱ्या झाल्या ते पोरगा फोनवर सांगायचा आणि मी लिहायचे. खंडेनवमीला मी स्वतः गेले. नऊ दिवसांचे उपास होते, तरी दोन बस बदलून गेले, कारण हत्याराची आणि वाहनाची पूजा घरातल्या बाईने नाही करायची तर कुणी? हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. जुन्या कॅलेंडरावरची कुलदेवी कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून मी प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली होती, पाटीएवढी, खाली लाल खणाचा तुकडा. ती पुढच्या लोखंडी दांड्यावर बांधली. मग वाटलं, चाकाचा चिखल देवीच्या तोंडावर उडेल. म्हणून सोडली आणि दांड्याच्या आतल्या बाजूला, मागे काळी जाळी आहे, तिच्यावर टेकवून चार कोपऱ्यांना चार तारांनी आवळून बांधली. तिथे ती इतकी मापात बसली की जणू तिच्यासाठीच ठेवलेली जागा. पोराला म्हटलं, "आता हिला कुणी हलवायचं नाही." त्याने मान डोलावली. तो माझं ऐकतो.

आणि तिन्ही गॅरेजवाल्यांचं एक मात्र चांगलं होतं. गाडीला हात लावण्याआधी तिघांनीही देवीला नमस्कार केला, तारा सोडून तिला उंच फळीवर ठेवलं, आणि काम झाल्यावर परत जागच्या जागी तशीच आवळून बांधून दिली. तिसऱ्याने तर उदबत्ती लावली होती. मला फार बरं वाटलं होतं. हल्ली कोण एवढं करतं?

अकरा दिवस मी माळावर गेले. डबा, पाण्याची बाटली, वही, मनगटावर आईचं घड्याळ. बाभळीखाली बसून प्रत्येक फेरी लिहिली. सकाळी गार असताना दिवा दुसऱ्या फेरीला, दुपारी पहिलीलाच. चढावर लवकर, उतारावर उशिरा. कूलंट भरलेलं. पंखा चालू. एक दिवस देवीच्या कडेने हात घालून बघितलं आणि लिहिलं, "पंखा फिरतो, पण पुढून वारा ओढत नाही." माझ्या अक्षरात आहे ते नाना, पाहिलंच्या रकान्यात, तारीखवार. आणि सापडलंचा रकाना कोरा. आता तुम्ही म्हणाल, पोरी, तू हे लिहिलंस आणि तुला दिसलं नाही? नाही दिसलं. त्या बाजूला देवी होती. देवीच्या बाजूने काही बिघडू शकतं अशा अंगाने माझं डोकं चालतच नाही. मी गुरुवारचा उपास वाढवून शुक्रवारचा धरला आणि तिलाच साकडं घालत बसले, तिच्याच समोर, की बाई, हा ताप उतरव.

बुधवारी भागीदार म्हणाला, "काकू, रविवारपर्यंत बघतो. सोमवारी एक जण गाडी न्यायला तयार आहे." पोरगा जुन्या टायरवर बसून गवताच्या काड्या मोडत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची शीळ आली नाही. मी वही पिशवीत घातली आणि कसब्यात गेले.

वहिनी साठीची झाली. दोरी लावलेला चष्मा, साडीवर दादाचा जुना शर्ट. दादा निवृत्त होऊन तुमच्या खुर्चीवर बसतो आणि आल्या-गेल्याला सांगतो, "मला काही कळत नाही, मॅडमना विचारा." ती आता माझ्यापेक्षा पुणेरी बोलते.

"या वन्सं. वाट चुकलात?"

"वाट पाठ आहे. इथेच जन्मले मी."

"हो ना. म्हणून तर विचारलं."

मी वही पुढे केली. तिने हात पुसले, पहिल्यापासून एकेक पान वाचलं, मध्ये एकही प्रश्न नाही. मी चहा नको म्हटलं तरी दादा उठून चहा सांगायला गेला. तिने एका पानावर बोट ठेवलं.

"इथे सलग सात फेऱ्या आहेत. दिवा नाही."

"तेव्हा नव्हता लागत."

"ही अष्टमी. मग हे पान दसऱ्याचं, आणि दिवा सुरू. नवमीला काय झालं, वन्सं?"

"काय व्हायचंय? पूजा केली. सगळे करतात तशी."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढचं पान उलटलं. 'वारा ओढत नाही' या ओळीवर ती थांबली. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाली, "उद्या मीच माळावर येते. गाडी इथे आणू नका. जिथे तापते तिथेच बघावी." तुमचं वाक्य. जसंच्या तसं, मध्ये श्वास घेता तिथे श्वाससुद्धा घेतला तिने.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या स्कूटरवर आली. हेल्मेट काढलं, चप्पल काढली, आणि गाडीसमोर उभी राहून देवीला हात जोडले. मला वाटलं, हिनेही तेच केलं, आता हीसुद्धा तेच करणार. पोरगा, भागीदार, रांगेतले सहासात जण, सगळे बघत होते. तिने पक्कड घेऊन चार तारा सोडल्या, पदराने तसबिरीवरची माती पुसली आणि ती माझ्या हातात दिली. "वन्सं, आईला जरा धरा. मी चक्कर मारून येते." साठीची बाई पाय टाकून त्या धुडावर बसली, आणि रांगेतल्या एका मुलीने टाळी वाजवली. ती टेकडीला वळसा घालून मागे गेली. आवाज लहान होत गेला. मी देवीला धरून उभी होते.

ती आली, थांबली नाही, पुन्हा गेली. दुसरी फेरी, तिसरी, चौथी. दिवा लागला नाही. उतरली तेव्हा पोराने हात लावून बघितलं आणि त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही, लिहिलं तर मला रडू येईल. मी हातातल्या देवीकडे बघितलं, समोरच्या उघड्या काळ्या जाळीकडे बघितलं, आणि त्या क्षणी मला पुठ्ठ्याचं माप कळलं. इंजिनाचं वारा घ्यायचं तोंड मी दाबून धरलं होतं, नाना. महिनाभर. चार तारांनी आवळून.

भागीदाराने विचारलं, "काय होतं मामी?"

माझ्या शेजारी पोरगा. समोर ती सगळी माणसं. वहिनीने माझ्या हातातून देवी घेतली, सीटच्या पाठीमागच्या दांड्यावर नीट बांधली, आणि हात झटकत म्हणाली, "धूळ बसली होती. झटकली."

"एवढंच? तीन गॅरेजवाल्यांना धूळ दिसली नाही?"

"दिसायला चष्मा लागतो," ती म्हणाली आणि आपला चष्मा दोरीला धरून हलवला. सगळे हसले. पोरगा हसला. मागे बांधलेल्या देवीकडे बोट करून ती त्याला म्हणाली, "पाठीशी असू दे. पुढचं तू बघ." माझ्याकडे तिने एकदासुद्धा बघितलं नाही. इतकं नीट न बघणं तुम्हालाच जमायचं.

माझी अब्रू राहिली. पोराची गाडी राहिली. आणि आनंद करायचा सोडून मी पाठ फिरवून बाभळीखालचा डबा आवरायला गेले. कारण ती धूळ माझी होती. तुम्ही भाकरी मोडता मोडता मला दिलेली.

परतताना ती म्हणाली, "बसा मागे, सोडते घरी." स्कूटरवर तिच्या पाठीला लागून बसले. रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "धूळ कुणी शिकवली?"

"मामंजींनी. मी नवी होते, मीच एका गिऱ्हाइकाला त्याच्या बायकोसमोर म्हणाले, गाडी कशी चालेल, टाकीत पेट्रोल नाही. मामंजी दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मग म्हणाले, धुळीला अब्रू नसते." थोडं पुढे जाऊन ती म्हणाली, "म्हणाले, मुलीला पण सांगितलं होतं एकदा. लहान होती, विसरली असेल."

मी विसरले नव्हते. तुम्हाला असं का वाटलं? मला एकदा विचारायचं होतंत. दर भाऊबीजेला, दर पाडव्याला मी त्याच घरात चहा टाकत होते.

गेटपाशी उतरवताना ती म्हणाली, "वन्सं, ही तापाची वही मला द्याल? तुमच्या जुन्या सगळ्या आहेत गॅरेजात. काही अडलं की अजून काढते. पानं तेलकट झालीत हाताळून."

"वह्यांना तेलाचे हात लावू नयेत," मी म्हटलं. ती हसली आणि किक मारून गेली.

घरी आले, हातपाय धुतले, देवाला दिवा लावला आणि वही उघडली. सापडलंच्या रकान्यात पेन टेकवून पुष्कळ वेळ बसले. माझ्या कुठल्याही वहीत आजवर खोटी नोंद नाही. दूधवाल्याच्या वहीतसुद्धा नाही. मग मी लिहिलं: धूळ.

वही उद्या वहिनीला देईन. तिने मागितली आहे आणि ती तिच्या कामाची आहे. पण हे पत्र मी त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर लिहिलं आहे, वेगळा कागद कशाला आणायचा म्हणून, तेव्हा ही पानं आधी शिवण न उसवता काढून घेईन आणि पोथीच्या रुमालात ठेवीन. तुमच्यापर्यंत ती पोचायची नाहीत, आणि तिच्यापर्यंत पोचता कामा नयेत. देवी मी कुठे बांधली होती ते तिला ठाऊकच आहे, त्याचं काही नाही. तिला दुसरं कळायला नको. ती टेकडीच्या मागे दिसेनाशी झाली तेव्हा पोरगा माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता, त्याचं सगळं त्या गाडीवर होतं, आणि देवी माझ्या दोन्ही हातांत, माझ्याकडे तोंड करून होती. मी डोळे मिटले आणि तिला म्हटलं, लागू दे तो दिवा.